पळपुटे मुळे आणि एक पिंप

तोक्यो, ९ नोव्हेंबर १९७७

ती. बाबा आणि ती. आईस,
साएकोचा शि. सा. न., आणि त्यावर एक उडी.

आधी बसून घ्या. आमच्या टीव्हीवरच्या मुलांच्या कार्यक्रमासाठी मी जे गाणं लिहिलं होतं ना, ‘पळपुटा मुळा’, ते गावभर झालं आहे. सार्वजनिक स्नानगृहात बायका एकमेकींची पाठ चोळताना तेच म्हणतात. काल बँकेतला कारकून शिक्के मारत होता, तेही त्याच ठेक्यात. लोणच्याच्या पिंपात जायचं नाही म्हणून मुळा नदीकाठाने समुद्राकडे धूम ठोकतो, एवढंच ते गाणं. ‘आज नको, उद्या नको, पिंपात मी नाही जाणार’ हे म्हणताना आमच्या इमारतीतले आजोबासुद्धा पाय आपटतात.

बाबा, मुलं दिवसभर ऐकतात : नीट बस, गप्प राहा, संपव ते. दिवसातून एकदा तरी त्यांना ‘नाही’ म्हणता यावं आणि मोठ्यांनी ते त्यांच्यासोबत गावं, असं मला मनापासून वाटतं. तुम्ही मुळे खारवून मला विद्यापीठात पाठवलंत. आपल्या घरातली पहिली पदवीधर पहिलं गाणं लिहिणार, तर ते दुसऱ्या कशावर लिहील?

नव्या वर्षाला रेकॉर्ड घेऊन येते. माया आहेच, ती मुरत राहू द्या.

तुमची,
साएको


इसे, १८ नोव्हेंबर

चि. साएकोस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी बाबांनी गिऱ्हाइकांना ते इतक्या वेळा वाचून दाखवलं, की मुळे मुरवायच्या तांदळाच्या कोंड्याची बोटं त्यावर ठिकठिकाणी उमटली. तो आनंद दोन दिवस टिकला.

मग बालवाडीतल्या मुलांनी डब्यातलं मुळ्याचं लोणचं बाजूला काढायला सुरुवात केली. कोणी ते रुमालात गुंडाळून खिडकीबाहेर सोडतं म्हणे. आणि परवा सगळी फिरायला म्हणून आपल्या परसाकडून चालली होती. बाई कोणाच्या तरी बुटाची नाडी बांधायला वाकल्या, तेवढ्यात पोरांनी वाळत टाकलेले मुळे मांडवावरून सोडवले, ओढ्यात घातले आणि टाटा केला. मुळे फार छान तरंगत गेले. तुझे बाबा गमबूट घालून, मासे धरायचं जाळं घेऊन काठाने धावले. मुलं टाळ्या वाजवत होती, पण मुळ्यांच्या बाजूने.

मी हसले. म्हणून ते माझ्याशी बोलत नाहीत. मीठ हवं असलं तर मांजरीला सांगतात.

आता त्यांचा निरोप, मांजरीला जसा सांगितला तसा : ज्या मुळ्यांवर ही वाढली त्यांनाच हिने पळायला शिकवलं. गाणं बंद होत नाही तोवर नव्या वर्षाला तिने या घराची पायरी चढू नये. साएको, ते तापले की बोलतात हे खरं, पण या वेळी ते हळू आवाजात बोलले. मला त्याचीच काळजी वाटते.

अंगावर लोकर घाल. आमची आठवण गाण्याइतकी नाही, तरी थोडी असू दे.

तुझी,
आई


तोक्यो, २३ नोव्हेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

ओढ्यात गेलेल्या प्रत्येक मुळ्याबद्दल मी तुमची क्षमा मागते. तुम्ही ते पहाटे थंड पाण्यात धुता, हे मी पाहिलं आहे.

गाण्याबद्दल मात्र क्षमा मागता येत नाही. मी रात्रभर प्रयत्न केला. ज्या गाण्यातून मुलांना ‘नाही’ म्हणायला शिकवलं, ते वडील रागावले म्हणून मीच मागे घेतलं, तर उद्या मुलांसमोर कोणत्या तोंडाने उभी राहू? मला घरी यायचं आहे, बाबा. आईच्या हातचं गरम सूप, तुमचं ते वर्षअखेरचं घर झाडणं, माझ्यावरचं ओरडणं, सगळं हवं आहे. पण गाणं सोडून येणार नाही. हट्ट आपल्याच घरचा आहे, बाहेरून आणलेला नाही.

राग ठेवावा, पण पत्राचं उत्तर द्यावं.

आपली आज्ञा (एक सोडून) पाळणारी,
साएको


इसे, ४ डिसेंबर

चि. साएकोस,
आशीर्वाद. आणि आता तू बसून घे.

बालवाडीचं स्नेहसंमेलन तोंडावर आलं आहे आणि नाच तुझ्याच गाण्यावर आहे. आपल्या इथल्या आया तुला ठाऊक आहेत. माझंच मूल मागे का, माझंच मूल वाईट का! गेल्या वर्षी नाटकात सात राजकन्या होत्या, राक्षस एकही नव्हता. यंदा सगळी मुलं मुळे झाली. पिंप व्हायला कोणी तयार नाही.

मुराकोशी मुख्याध्यापिका दुकानात आल्या आणि कमरेतून पार वाकल्या. बाबांना वाटलं, मुळ्यांबद्दल माफी मागायला आल्या. त्यांना बोलूच न देता हे आपले ‘छे छे, त्यात काय एवढं, काही हरकत नाही’ म्हणत उलट वाकत राहिले. बाईंनी डोळे पुसले, आभार मानले, आणि बाबांना पिंपाच्या तालमीची वेळ सांगून गेल्या. माणसाने हरकत नाही म्हटल्यावर हरकत कशी घेणार? शिवाय तीन गिऱ्हाइकं ऐकत उभी होती.

आता रोज कोठीचं दार बंद करून तालीम चालते. शाळेने दिलेलं पुठ्ठ्याचं पिंप बाबांनी परत पाठवलं. म्हणाले, पिंप व्हायचं तर लाकडाचं. एका जुन्याचा तळ काढला आहे. तुझ्याबद्दल अजून एक शब्द नाही. मी विचारलं, तर मांजरीला सांगितलं की पिंपाला बोलता येत नाही.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेली,
आई


इसे, १२ डिसेंबर

चि. साएकोस,
आशीर्वाद.

कार्यक्रम झाला. पांढरे मोजे, डोक्यावर हिरवा पाला, असे बावीस मुळे होते. गाण्याप्रमाणे ते पिंपाला, म्हणजे मला, चुकवून आत पळाले. इथवर ठीक. पण कोळ्याची धाकटी किनुए मधेच राहिली. समोर एवढी माणसं पाहून तिचा ओठ थरथरायला लागला. मला पिंपात वाकता येत नव्हतं. ती माझ्याकडे आली आणि मोठ्याने म्हणाली, “काका, मला आत घ्या ना.”

मी पिंप उचललं. ती आत आली. ते पाहून बाकीचेही पडद्यामागून धावत आले, सगळ्यांना आत यायचं होतं. रेकॉर्डवर ‘पिंपात मी नाही जाणार’ चालूच. पिंपाची कडी तुटली, फळ्या चहूकडे पडल्या आणि मी मोज्यांवर उभा राहिलो. सभागृह हसून लोळलं. दुर्दैवाने मीही.

गाणं बंद करू नकोस. मात्र त्यात चूक आहे. मुळा बोलतो, नदी बोलते, बगळाही बोलतो. पिंप अख्खं गाणंभर गप्प उभं. मी त्यात उभा राहून आलो आहे, मला माहीत आहे. त्यालाही दोन ओळी दे. काय त्या तुझं तू ठरव, तू शिकलेली आहेस.

एकतीसला सकाळी ये. पिंपाला नवी कडी ठोकायची आहेत, फळ्या धरायला माणूस लागतो. तुझ्या आईने दोनदा धरून पाहिल्या. हसण्याने तिचे हात हलतात.

तुझा बाप,
सध्या पिंप