चकव्याच्या पत्त्यावर

सेक्टर ३०, चंदीगड
१८ मार्च १९९०

प्रिय दिगंबर,

तुझं पत्र परवा मिळालं. तीनदा वाचलं, कारण पहिल्या दोन वेळी वाटलं, रागाच्या भरात मीच काहीतरी भलतं वाचते आहे. पण तू तसंच लिहिलं आहेस: "ताई, ही तर पेपरात द्यायची बातमी! आपल्या चकव्याकडे खरी माणसं केस घेऊन यायला लागली!" सांगलीत बसून ही उद्गारचिन्हं काढायला तुला काय जातं? मात्र सगळा राग तुझ्यावर काढणं न्यायाचं नाही, म्हणून डायरी समोर ठेवून घडलं ते क्रमाने लिहिते. मागच्या पत्रात मी ते चार ओळींत आणि, आता वाटतं, जरा गमतीच्या सुरात कळवलं होतं. ती चूक माझी.

आपल्या कॉमिकचा मला अभिमान आहे, आजही. रानात लोकांची वाट चुकवणारा चकवा म्हातारपणी चुकलेल्यांना शोधून काढतो, आणि त्याचा जोडीदार दोन डोक्यांचा पक्षी गंडभेरुंड, ज्याचं एक डोकं साक्षीदारावर विश्वास ठेवतं, दुसरं ठेवत नाही. तुझी चित्रं, माझी हिंदी. कुठल्याही प्रकाशकाच्या दारात न जाता आपण ते छापलं. इथल्या क्वार्टर्समधल्या मुलांनी अंक फाटेपर्यंत वाचला. मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देणारी आमची नयना मैत्रिणींना सांगत होती, "मेरे मामा ने बनाया है, पक्का!"

मग जाहिरात. लोक थांबले पाहिजेत, असं म्हणून तू पोलिसांच्या नोटिशीसारखं पोस्टर पाठवलंस. मथळा मात्र माझा: 'गुमशुदा की तलाश'. खाली 'कोई खो गया है? चकवा और गंडभेरुंड से मिलिए', आमच्या क्वार्टरचा पत्ता, आणि हे कॉमिक आहे हे अगदी तळाशी, बारीक अक्षरांत. मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. मी इथला पेपर रोज वाचते रे. कुणाला बसमधून उतरवून मारलं, कुणाला घरातून उचललं, सगळं वाचते. आणि तरी इथल्या भिंतींवर ते तीन शब्द चिकटवताना माझा हात अडखळला नाही. तीन वर्षं झाली इथे, पण आम्ही बदलीवर आलेलो. इथलं काही आपलं नाहीच, असं धरून चालतो.

२७ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी अकराला फाटकाशी एक बाई. पन्नाशीची, डोक्यावर पांढरी चुन्नी, हातात कापडी पिशवी. मी दार उघडलं नाही. खिडकीतून आधी पिशवीकडे पाहिलं. त्यात बॉम्ब असेल असं मनात आलं, हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. गंडभेरुंडासारखी माझीही दोन डोकी भांडत राहिली आणि तिला दहा मिनिटं उन्हात उभं केलं. पिशवीत आमच्यासाठी आणलेलं सरसोंचं साग होतं, आणि घडी घातलेलं आपलं पोस्टर.

तिचं नाव महिंदर कौर, मुल्लानपूरजवळच्या एका खेड्यातली. वाचता येत नाही. बसस्टॉपवर एका शाळकरी मुलीने तिला मोठी अक्षरं तेवढी वाचून दाखवली आणि पत्ता सांगितला. तुझा गंडभेरुंड तिला सरकारी मोहर वाटला. तिचा एकुलता एक मुलगा जगतार, एकवीस वर्षांचा, ट्यूबवेलच्या मोटारी दुरुस्त करायचा. जानेवारीतल्या लोहडीच्या सणानंतर चौथ्या दिवशी साध्या कपड्यांतल्या माणसांनी त्याला जीपमधून नेलं. चौकीत म्हणतात, आम्ही नेलाच नाही, अतिरेक्यांत सामील झाला असेल. आणि असं म्हणणाऱ्यांनीच दुसऱ्या दिवशी येऊन घरातले त्याचे सगळे फोटो नेले, बहिणीच्या लग्नातल्या ग्रुप फोटोसकट. ज्याला नेलाच नाही त्याचे फोटो कशाला लागतात? कुणी मला सांगेल का?

ती म्हणाली, "भैणजी, तुसीं लभ दओगे ना?" शोधून द्याल ना? आतून नयना कुजबुजली, "मम्मी, उनको सच तो बताओ." मग सांगितलं, अंक दाखवला. तिने पानं उलटली. "चंगा है. बच्चे हसणगे," म्हणाली, आणि साग ओट्यावर ठेवून निघाली. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी नंदकुमार ऑफिसातून आले, ऐकून म्हणाले, आपल्याला यात पडायचं नाही, उद्या चौकशी आली तर नोकरीचं काय? त्यांचं बरोबरच आहे, आणि त्याचाच मला संताप येतो. दुसऱ्या दिवशी बादली आणि उलथनं घेऊन मी एकेक पोस्टर खरवडून काढलं. बस स्टँडवरचा जवान हसला, "मॅडम, लगाया भी आपने, उखाड़ा भी आपने?" आणि आता तू लिहितोस, पुढचा अंक याच केसवर काढू. चकवा मुलगा शोधून देतो, शेवटच्या चौकटीत मायलेकरांची मिठी. आठ पानांत! खबरदार. तिच्या दुःखावर आपला अंक खपवायचा नाही.

पण एवढं बोलायला मी हे पत्र लिहिलं नाही. काल नंदकुमारांना न सांगता मी तिच्या गावी जाऊन आले, आज सांगेन. हायकोर्टातल्या वकील लीना मॅडम अर्ज करायला तयार आहेत, पण त्या म्हणतात, तुरुंगात, इस्पितळात चेहरा दाखवल्याशिवाय विचारायचं काय? तो चेहरा तू काढ. कान जरा बाहेर आलेले. डाव्या भुवईत विळ्याची जुनी खूण, तिथे केस नाहीत. दाढी हनुवटीवरच दाट, गालांवर विरळ. पगडी नेहमी किंचित उजवीकडे कललेली. तुझ्या नायकांना देतोस तसा जबडा त्याला देऊ नकोस. बैसाखीला ती येणार आहे, त्याआधी पोचलं पाहिजे. डोळ्यांबद्दल विचारलं तर म्हणाली, माझ्याकडे बघा, हेच त्याचे. म्हणून तिचे डोळे मी जमतील तसे सोबतच्या कागदावर काढले आहेत. मला चित्र येत नाही, तुला माहीत आहे. तेवढं सांभाळून घे.

तुझीच,
मीनाक्षीताई