पाठ शेकणारी भिंत

बाबा, परवा एटापल्लीच्या पुढे जंगलातल्या एका गावात मी एका भिंतीला हात लावला आणि ती भिंत गरम होती. त्या बाजूला ऊन येत नव्हतं, चूल घराच्या दुसऱ्या टोकाला होती. भिंत आतून तापली होती, तापातल्या माणसाच्या कपाळासारखी, आणि ती कशाने तापली हे त्या घरात फक्त मला कळत होतं. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतं आहे. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला सांगावं असं पुष्कळ घडलं, पण ते बहुतेक चांगलं होतं, आणि चांगलं सांगायची माणसाला घाई नसते. हे मात्र पोटात राहत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी डिप्लोमाला होते. आता चंद्रपूरच्या एमआयडीसीत एका लहान कारखान्यात प्लॅस्टिकच्या वस्तूंचे साचे आखते. बादलीच्या कडीची मूठ, स्विचबोर्डाची पाटी, असलं किरकोळ काम. दोन वर्षांपूर्वी एका संस्थेची माणसं आमच्याकडे आली. ते जंगलातल्या घरांना एक दिवा आणि मोबाइल चार्ज करायची सोय देतात, दोन्ही एकाच अडॅप्टरवर. अडॅप्टर म्हणजे तुमच्या वेळचं, रेडिओला सेलऐवजी लावायचं एलिमिनेटर, फक्त मुठीत मावणारं. भिंतीला ठोकायचं आणि वीज असेल तोवर चालू ठेवायचं. त्यांचं दुखणं असं होतं, की बाजारातल्या अडॅप्टरांमध्ये पावसाळ्यात मुंग्या शिरतात. त्यांना आतली ऊब आवडते. अंडी तोंडात धरून आत बिऱ्हाड हलवतात, आणि एक दिवस मुंग्यांसकट सगळं जळून बंद पडतं. संस्थेला मुंगी आणि पाणी न शिरणारी, आणि दोन-चार कप चहाच्या पैशांत बसणारी डबी हवी होती.

मी आखलेल्या डबीला समोर किंवा कडेला एकही भोक नाही. हवेच्या फटी सगळ्या पाठीमागे. डबी चार बारक्या पायांवर भिंतीपासून बोटभर सुटी उभी राहते, म्हणजे त्या जागेतून खालून गार हवा आत येते आणि गरम हवा वरून निघून जाते. फटींना आत एक वळण दिलं, मुंगीला तिथून परत फिरावं लागतं. रंगही मीच ठरवला. संस्थेला पांढरा हवा होता. मी म्हटलं, मातीच्या घरात पांढरं प्लॅस्टिक दवाखान्यासारखं दिसतं, आपण भिंतीचाच रंग देऊ. उरलेसुरले रंग मिसळून तो बरोबर सारवलेल्या भिंतीचा रंग मी काढला, आणि त्याचं मला इतकं कौतुक होतं की पहिली डबी आठ दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. किंमत बसवायला अर्धा माल जुनं प्लॅस्टिक दळून केलेला घेतला. आग न धरणारा प्लॅस्टिकचा दाणा वेगळा मिळतो, महाग असतो. मालाच्या यादीतल्या त्या ओळीवर काट मारणारा हातही माझाच.

माजरीच्या क्वार्टरमध्ये तुमचं टेबल स्वयंपाकघरातच होतं, कारण दुसरी खोलीच नव्हती. खाणीच्या वर्कशॉपमधून तुम्ही येता, हात धुता, तरी नखांत कोळसा राहतोच, आणि आई भाकरी थापते तिथून दोन हातांवर तुम्ही कुणाचा तरी रेडिओ उघडून बसता. डाळीच्या फोडणीचा आणि तारा जोडायच्या डागकामातल्या राळेचा वास एकत्र येतो. मला अजूनही कुठे डागकाम चाललं असलं की भूक लागते. दुरुस्त झालेलं एलिमिनेटर तुम्ही लगेच परत देत नाही. ते चालू करता आणि गोधडीत गुंडाळून ठेवता, आईने तुमच्या जुन्या खाकी वर्दीची शिवलेली तीच गोधडी. सकाळी ड्युटीवर जाताना गुंडाळायचं, संध्याकाळी येऊन सोडायचं. मग डबीवर तळहात ठेवून तुम्ही दहापर्यंत मोजता. दहा झाले तर माल पास, त्याआधी हात उचलावा लागला तर पेचकस घेऊन पुन्हा उघडायचं. कॉलनीतले लोक हसायचे. म्हणायचे, इलेक्ट्रिशियन साहेब मशीनला झोपवतात. तुम्हीही हसायचात, पण गोधडी काढायचा नाहीत.

मी अकरा वर्षांची असताना शेजारच्या काकूंचं एलिमिनेटर तुमच्या माघारी परत दिलं होतं. काकूंना रेडिओची घाई होती आणि मला त्यांच्या हातच्या अनारशांची. तुम्ही संध्याकाळी आलात, गोधडी रिकामी बघितली, आणि वर्दी न बदलता तसेच त्यांच्या घरी जाऊन ते परत घेऊन आलात. मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. तुम्ही ते माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "धर. अन् मोज." मी सहापर्यंत मोजलं आणि हात झटकला. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी पुढे कित्येक नव्या मुलांना कारखान्यात ऐकवलं आहे, अगदी तुमच्यासारखा आवाज काढून. "वस्तू आपल्या टेबलावर नाई राह्यत, बेटा. लोकायच्या घरी राह्यते. लोक तिले गोधडीत घालतीन, चुलीपाशी ठेवतीन, काई बी करतीन. ते त्यायची चूक नाई. ते आपण आधी पाह्याले पायजे."

लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. या डबीची गोधडीची परीक्षा मी केली नाही. वेळ नव्हता. संस्थेला पावसाळ्याआधी माल हवा होता, मालक रोज विचारत होते. कारखान्याच्या रंगवलेल्या विटांच्या भिंतीवर डबी चार तास लावून बघितली, कोमट लागली, मी सही केली. माल गेला. पावसाळा संपला तरी मुंग्यांची एकही तक्रार आली नाही, म्हणून संस्थेने मला गावं दाखवायला बोलावलं. मीही नवं लुगडं नेसून सत्काराला निघाल्यासारखी निघाले.

पाऊस उघडला की तिकडे घरं सारवतात, हे काय मला माहीत नव्हतं? बांबूच्या काड्या विणून कूड करायचा, त्यावर माती लिंपायची, आणि पावसाने धुपलेली ती माती दरवर्षी पुन्हा चढवायची. आजोळी आजीच्या मागे शेणाचं घमेलं घेऊन मी स्वतः फिरले आहे. पण साचा आखताना माझ्या डोळ्यांपुढे विटांची भिंत होती. त्या गावातल्या पहिल्याच घरी एक गोंड बाई आम्हाला हात धरून आत घेऊन गेली. नवरा-बायको दोघंच, दोघंही म्हातारी. भिंत नुकतीच सारवलेली, गुळगुळीत, बोटांच्या कमानी उमटलेली. मला डबी दिसेना. भिंतीतून नुसती एक वायर बाहेर आली होती, आणि खाली मोहफुलांची टोपली ठेवली होती.

"मांगं फट होती ना बाई, इंचू लपते तिथी," ती म्हणाली. "मातीनं बुजवून टाकली. मंग आख्खीच सारवली. आता कशी एकसारखी दिसते."

यात तिचं काय चुकलं, बाबा? भिंतीपासून बोटभर सुटलेली फट म्हणजे विंचवाचं घरच. कोणतीही शहाणी बाई ती बुजवेल. आणि डबीचा रंगच मी असा दिला होता की तिला ती भिंतीचाच उंचवटा वाटावी. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मग ती हसून म्हणाली, तुमची डबी लई गुणाची आहे, दिवाही देते आणि भिंतही गरम ठेवते. तिचा म्हातारा खरंच त्या भिंतीला पाठ लावून बसला होता, डोळे मिटून. "कंबर मोकळी झाली म्हणते," ती म्हणाली. "आता थंडीत इथीच झोपतो म्हणते."

मी त्याला उठायला सांगितलं, वायर काढली आणि तिथे हात ठेवला. चारपर्यंत मोजू शकले. मग नखांनीच माती उकरली. ओली असेल असं वाटलं होतं, पण ती खापरासारखी कोरडी होऊन पापुद्र्यांनी सुटत होती. डबीची पाठ मऊ पडून आत बसली होती, चारांपैकी दोन पाय जागेवर नव्हतेच. मागच्या कुडाच्या काड्या काळपट झाल्या होत्या. एक काडी मी बोटांत धरली तर तिचा भुगा झाला. तिथे धूर नव्हता, फक्त वास होता, आणि त्या म्हाताऱ्या माणसांना तो चुलीचा वाटत होता. ज्या दिवशी तो वास वाढला असता त्या दिवशी त्या काड्यांना टेकून एक माणूस झोपलेला असता.

मी त्यांना खरं सांगितलं नाही. म्हटलं, ही डबी जुनी झाली, बदलून देते. म्हातारा माझ्या हातातल्या वाकड्या डबीकडे बघत म्हणाला, "नवी बी अशीच गरम देजा, बाई."

त्या गावात अकरा डब्या होत्या. सगळ्या घरी जाऊन मी त्या काढून घेतल्या, प्रत्येक घरी तेच खोटं सांगून. चार भिंती सारवून झाल्या होत्या, बाकीच्या अंगणांत माती भिजत पडली होती. बाया घमेली घेऊन बसल्या होत्या आणि मला हसून या म्हणत होत्या. चोराच्या मनात चांदणं, मला ते प्रत्येक हसू झोंबत होतं. पण त्या झाल्या अकरा. बाकीच्या शेकड्यांनी गेल्या आहेत, पार सिरोंच्यापर्यंत, आणि काही लोकांनी आठवडी बाजारात विकूनही टाकल्या आहेत. कुठल्या भिंतीत कुठली डबी बसली आहे हे आता कुणालाच सांगता येणार नाही. तिकडे फोन लागतो तो टेकडीवर चढून. आणि थंडी सुरू झाली आहे. या दोन दिवसांत मला जागोजागी फक्त पाठी दिसतात, भिंतीला टेकलेल्या.

मालकांना काल ती डबी दाखवली. माणूस वाईट नाही, घाबरला. पण घाबरलेला माणूस आधी दार लावतो. ते म्हणाले की मातीत गाडली तर कोणतीही डबी तापणारच, यात आपली चूक कशी, दिवाळी होऊ दे, मग संस्थेला शांतपणे कळवू, तोवर झाकली मूठ. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत सगळी घरं सारवून होतील.  मी तिथूनच संस्थेला फोन करून सगळं सांगितलं, दळलेल्या मालासकट. बहुधा नोकरी जाईल. उद्या सकाळी त्यांची जीप निघते आहे, मी सोबत जाते आहे. गावागावांत जाऊन लोकांना भिंती फोडायला सांगायचं आहे, आणि या वेळी कारणही सांगायचं आहे. आम्ही किती गावं गाठू आणि कुठल्या गावाला आमच्या आधी आग गाठेल, याचा विचार मी करत नाही असं म्हणते, पण तोच करते.

हे पत्र कुठे टाकणार? तुमचा पत्ता असता तरी टाकलं नसतं, कारण त्यात एक वाक्य खोटं आहे आणि तुम्ही ते वाचताक्षणी ओळखलं असतंत. गोधडीची परीक्षा मी केली नाही, असं वर लिहिलं. मी ती केली होती. मे महिन्यात, घरी, तुमच्याच खाकी गोधडीत. सकाळी डबी गुंडाळून कामाला गेले, दुपारी जेवायला आले तेव्हा ती कापडाला चिकटली होती. ओढून काढावी लागली. मी स्वतःला सांगितलं की चंद्रपूरचा मे आहे, इथे या दिवसांत दाराच्या कडीलाही चटका बसतो, आणि भिंत म्हणजे काही गोधडी नव्हे. दुसऱ्या दिवशी सही केली. गोधडीची घडी उलटी घातली, डाग आत राहील अशी. पुढे आईने ती धुवायला काढली तेव्हा तो पुरीएवढा डाग बघून तिने मला विचारलं. मी म्हटलं, इस्त्री लागली. आपल्या घरात गोधडीला कधी कुणी इस्त्री केलेली नाही, बाबा, आणि ती शिवली आईनेच आहे. ती गोधडी उचलून आत निघून गेली.