उडी माझी, चाल दादाची

४ फेब्रु.
ऑफिस बुडवून कांजूरला, दादाकडे. पॅरॅलिसिसनं उजवा हात गेलाय. हॉस्पिटलमधून घरी आणल्यापासून कुणाशी बोलतच नाही. शेवटी माळ्यावरून जुना व्हिडिओ गेम काढला. लहानपणी एका रिमोटची वायर उंदरानं खाल्ली, म्हणून उरलेला एकच दोघं धरायचो. डाव्या बाजूनं तो चालवणार, उजव्या बाजूनं मी उडी मारणार. आजही तस्संच बसलो. पहिल्याच खड्ड्यात मेलो.
"काय गो, झोपलंस?"
आजारपणानंतरचं त्याचं पहिलं वाक्य. वहिनी रडली. मीही.

१० फेब्रु.
हीच आयडिया ऑफिसात मांडली, नव्या मोबाइल गेमसाठी. एक फोन, दोन माणसं, प्रत्येकाचा एकच हात. एकट्याला खेळताच येणार नाही. रोहन, आमचा प्रोड्यूसर, म्हणाला, "जुनं चालतं गं सध्या. कर."
किती वर्षं नुसती फळं फोडायला लावतेय लोकांना, आणि रोज हजेरी लावली की बक्षीस. जुने गेम ग्रेट होते असं नाही, अर्धे भिकारच होते. पण करणाऱ्याला काहीतरी सुचलेलं असायचं. आम्हाला आकडे सुचवतात.

२३ फेब्रु., रवि.
कच्चं व्हर्जन घेऊन दादाकडे. भांडला. "अर्ध्यातच उडी मारतंस!" शिव्या अगदी स्वच्छ येतायत. किती बरं वाटलं.

११ मार्च
वाट लागली. टेस्टिंगमध्ये लोक म्हणे जोडीदार मिळेना म्हणून गेम उडवतात.
रोहन म्हणाला, "उडी ऑटो करू. कॉम्प्युटर मारेल."
मग उरलं काय रे?
"यार, इमोशनल होऊ नको ना."
खूप भांडले. शेवटी ऑटो मीच बसवलं, दुसऱ्यानं घाण केली असती. टायमिंग माझंच घेतलं, दादाबरोबर खेळतानाचं. चुका तेवढ्या काढल्या.

२ एप्रिल
गेम बाहेर. डाउनलोड झकास. केक कापला. मीही खाल्ला, निर्लज्जासारखा.

६ एप्रिल, रवि.
दादाकडे. मांडीवर उशी, उशीवर फोन, फोनवर आमचाच गेम, डावा अंगठा चालू. शेजारी बसले, उडीसाठी हात पुढे केला. त्यानं फोन सरकवला नाही.
"रवांदे गो. ह्यो मारता उडी. चुकना नाय. तू कित्याक इतक्या लांबसून येतंस?"
प्रेमानंच म्हणाला. तेच जास्त लागलं. तासभर बसले. तो खेळतच राहिला.

९ एप्रिल
वहिनीचा फोन. रविवारपासून परत गप्प. विचारलं तर मान हलवतो, डोळे फोनमध्ये. "त्रास काही नाही गं त्याचा. पण घरात माणूस आहे असं वाटत नाही."
रविवारी जाईन तेव्हा तो गेम त्याच्या फोनमधून काढून टाकायचा का? काढला तर शिव्या तरी घालेल. आणि नाही घातल्या तर?