खिडकीजवळचा पॉइंट

प्रिय ट्रिश,

फोन हातात घेतला होता, पण तुझा आवाज ऐकला की मी हवापाण्याच्याच गप्पा मारीन, म्हणून कागद घेतला. अक्षर बघ कसं झालंय! शाळेतल्या सिस्टर कोलंबांनी पट्टीच काढली असती. सकाळपासून बसते आहे आणि उठते आहे.

एडन घरी आलाय हे तुला ठाऊक आहे. वेलिंग्टनचा संसार मोडला आणि उन्हाळा संपता संपता दोन बॅगा आणि त्याची लाडकी सायकल घेऊन तो आला. खालची खोली त्यानं स्वतःच मागून घेतली. तीच, टेकडीत अर्धी रुतलेली, जिथे आपण दोघी अभ्यासाच्या नावाखाली सिगारेटी ओढायचो आणि माझ्या बाबांना वाटायचं, पोरी लॅटिन पाठ करताहेत. इंटरनेटचं यंत्र वरच्या मजल्यावर. ते काही खालपर्यंत पोचेना, त्यामुळे विमा कंपनीचं सगळं काम त्यानं माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडलं. “आई, मीटिंग चालू आहे, भांडी नंतर वाजव.” “वा रे वा, माझ्याच घरात मी चोर!” असं दिवसभर चालायचं. पण ट्रिश, मला ते फार आवडायचं. चीज रोल भाजले की पडद्यावरची नजर न काढता त्याचा हात पुढे यायचा. चेहरा समोर असायचा. किती खातो, रात्री झोपला की नाही, सगळं कळायचं.

मग त्यानं खालपर्यंत वायर ओढून घेण्याचा धोशा लावला. खाली दार लावून बसला तर मला त्याचं काही कळणार नाही, या धास्तीनं मी दिवस ढकलत राहिले. इलेक्ट्रिशियनला बरं नाही, असंसुद्धा सांगून पाहिलं. “आई, फेलेटी काल दुकानात भेटला. पाव किलो नाही, अख्खा केक घेत होता. ठणठणीत आहे.” झालं, मला फेलेटीला बोलवावंच लागलं.

गेल्या सोमवारी फेलेटी आला. चादरींच्या कपाटाच्या तळाला भोक पाडून त्यानं निळी वायर खाली सोडली आणि विचारलं, “पॉइंट कुठे काढू, आंटी?” एडन म्हणाला, आतल्या भिंतीला. ती भिंत म्हणजे नुसता अंधार आणि ओल. मी म्हटलं, खिडकीजवळ. “आई, पडद्यावर उजेड येतो.” “येऊ दे की. उजेडानं कुणी मेलं नाही.” बोलून गेले आणि जीभ चावली. फेलेटी हसत म्हणाला, “तुम्ही दोघं ठरवा, वायरला काही फरक पडत नाही. तोवर मी चहा पितो.” शेवटी माझंच खरं झालं. त्या खिडकीसमोरच माझी कपडे वाळत घालायची दोरी आहे, हे मी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी टॉवेल घेऊन गेले, तर खिडकीत टेबल नाही! पठ्ठ्यानं लांबलचक वायर आणून पॉइंटपासून आतल्या भिंतीपर्यंत नेली होती, आणि मला दिसली ती त्याची पाठ. तेव्हापासून मी धुतलेलेच टॉवेल परत धुते आहे. जेवायला तो वर येत नाही, ताट घेऊन जातो, आणि अर्धं परत येतं. “बरा आहे गं आई” एवढंच म्हणतो.

काल फेलेटी विसरलेली शिडी न्यायला आला आणि जाताना त्याच्या गाडीत एडनची सायकल होती. “आंटी, देवमाणूस आहे हो तुमचा मुलगा! म्हणाला, घेऊन जा, मला आता लागणार नाही.” मी हसले, हातही हलवला. गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत हलवतच राहिले.

तुझ्या डेक्लनचं नाव मी तुझ्यापाशी काढत नाही. आज काढते. जाण्याआधी त्यानं सर्फबोर्ड शेजाऱ्यांना देऊन टाकला होता, आणि तुला वाटलं होतं, पोरगा किती उदार झालाय. तो गेल्याला वर्ष झालं, तेव्हाच्या प्रार्थनेनंतर चर्चबाहेर माझं मनगट धरून तू म्हणाली होतीस, “मी त्याला सरळ विचारलंच नाही गं. वाटलं, विचारलं तर आपणच नको ते डोक्यात घालू. तुला कधी कुणाबद्दल शंका आली ना, तर शब्द वापरून विचार.” ते शब्द माझ्या तोंडून निघत नव्हते, म्हणून हे पत्र. आधी तुझ्यापुढे लिहून बघते: एडन, तुला मरावंसं वाटतंय का? बघ, लिहिता आलं. आता बोलताही येईल. तो हो म्हणाला, तर त्याच्याजवळून हलणार नाही आणि तिथूनच डॉक्टरांना फोन करीन. पत्र मिळताच मला फोन कर, आणि हवापाण्याचं बोलायला लागले तर मधेच तोड. पाकीट नंतर चिकटवीन. खाली जाते आहे.

तुझीच,
नोएलीन