जुने वॉकीटॉकी पारखून घेतल्याबाबत

दापोडी,
रविवार, सकाळ

आदरणीय यशवंतराव दाजी यांना,

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे ज्योतीरामचा, वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? ताईची शुगर आणि मुलांचे अभ्यास दोन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. (फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. आजची हकीकत मला पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्यानं बोलायची आहे.)

तर दाजी, तुमच्या मेहुण्यानं आयुष्यात पहिल्यांदा जुनी वस्तू घेतली आणि ती चालली. नुसती चालली नाही, तिनं एक माणूस वाचवला. (मागच्या फ्रिजबद्दल, आणि तुम्हाला शॉक बसला त्या गिझरबद्दल, पुन्हा काही लिहीत नाही.)

कंपनी सोडल्यापासून मी मोजणीच्या कामावर आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. सध्या चाकणच्या पुढं, भामा-आसखेड धरणाच्या अंगाला, डोंगरावरून विजेचे मनोरे जायचेत, त्यांच्या जागा आखतोय. मी एका टेकडीवर दुर्बिणीचं यंत्र लावून उभा, बाळू समोरच्या टेकडीवर मापाची उंच काठी धरून. (बाळू तिथल्याच गावचा, पन्नाशीचा, तीन पोरींचा बाप.) मधे दरी, आणि मोबाईलला रेंज नाही. म्हणून आम्ही टॉवेल हलवून बोलायचो. टॉवेल डावीकडं, की डावीकडं सरकायचं. पण माझं डावं ते समोरून त्याचं उजवं, हे आमच्यात रोज नव्यानं ठरायचं. त्यात एका मनोऱ्याची खुंटी गेनबा नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्याच्या दारात ठोकली गेली. म्हातारा खुंटी उपटून थेट आमच्या साहेबांकडं. साहेब ओरडले नाहीत. आणखी एक खुंटी चुकली तर काम दुसऱ्याला देईन, एवढंच म्हणाले.

म्हणून गेल्या रविवारी आमच्या सौ. रुपालीला घेऊन इथल्याच विक्कीच्या जुन्या मालाच्या दुकानात गेलो. त्यानं काउंटरवर वॉकीटॉकीच्या तीन जोड्या मांडल्या. पहिली अगदी चकचकीत. एक संच माझ्या हातात देऊन तो दुसऱ्यावरून तीन फुटांवर बोलला आणि म्हणाला, बघा भाऊ, किती क्लिअर. मी म्हटलं, तीन फुटांवर तू असाही क्लिअरच आहेस. मग एक संच देऊन रुपालीला रेल्वे रुळांच्या दिशेनं पाठवलं. बटण दाबून 'ऐकू येतंय का' एवढंच विचारायचं आणि बटण सोडायचं, असं बजावलं होतं. तिनं विचारलं. पाठोपाठ दुकानात भाजीवालीशी चाललेली तिची घासाघीस ऐकू आली, आणि मग शेजारणीला सांगितलेली माझ्या फ्रिजची आणि गिझरची गोष्ट, तुमच्या शॉकसकट. दुकानात आठ गिऱ्हाइकं होती. एकही जण मधे उठून गेला नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की तिनं बटण सोडलंय, पण ते वर आलेलंच नाही. अब्रू गेली, पण खोट सापडली. जोडी परत.

दुसऱ्या जोडीची बॅटरी फुगलेली, झाकण रबरानं बांधलेलं. तिसरी दिसायला कुरूप, अंगभर ओरखडे. पण बटण टणक, कडेचं रबर शाबूत (म्हणजे धूळ-पाणी आत जात नाही), बॅटरी बाजारात नवी मिळणारी, आणि वापरायला परवाना लागत नाही अशी. रुपाली ती घेऊन पार हॅरिस पुलापर्यंत गेली. तिथून आवाज आला, "हीच घ्या. माझे पाय दुखले." घेतली.

आणि बुधवारी, दाजी, बाळू समोरच्या कड्याखालून काठी घेऊन सरकत होता. मी दुर्बिणीतून बघतोय, तर त्याच्या डोक्यावर, कड्याच्या पोटाला, बैलगाडीच्या चाकाएवढं आग्यामोहोळ. त्याला खालून ते दिसत नव्हतं, आणि तो काठी उंच करायच्या बेतात. टॉवेल असता तर मी जिवाच्या आकांतानं हलवला असता, आणि त्यानं 'अजून वर' असं समजून काठी थेट मोहोळात घातली असती. बटण दाबून हळूच म्हटलं, "बाळू, काठी आडवी कर. वर बघू नको, बोलू नको. खाली बस आणि बसूनच मागं सरक."

दुर्बिणीत तो बसला. काठी आडवी झाली. दोन माश्या त्याच्या टोपीवर फिरल्या आणि उडून गेल्या. बसल्या बसल्या तो सरकत राहिला आणि कड्याआड दिसेनासा झाला. दहा मिनिटांनी ओढ्याजवळून आवाज आला, "सुटलो राव. पन आता उजवं कुनाचं धरायचं, माजं का तुमचं?"

"तुझं," मी म्हटलं. "इथून पुढं कायम तुझंच."

शनिवारपर्यंत सगळ्या खुंट्या पुऱ्या झाल्या, एकही चुकली नाही. गेनबांनी त्यांच्या शेताची खुंटी नव्या जागी स्वतःच्या हातानं ठोकली आणि आम्हाला ताक पाजलं. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, जुनी वस्तू पारखावी तर ज्योतीरामनं. (त्यांना ते पुन्हा एकदा म्हणायला सांगावंसं वाटलं, पण बरं दिसलं नसतं.)

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
ज्योतीराम
(जुन्या मालाचा जाणकार)

ता. क. : साहेबांना डोंगरावर सामान न्यायला जुनी जीप घ्यायचीय आणि निवड त्यांनी माझ्यावर सोपवलीय. मला जीपमधलं हॉर्नपलीकडं काही कळत नाही. तुम्ही वीस वर्षं जीप चालवलीत. येत्या रविवारी पाहुणे म्हणून माझ्या शेजारी नुसते उभे राहा, आणि इंजिन खराब वाटलं तर खोका. साहेबांना कळता कामा नये.

आणखी एक ता. क. : हे पत्र रुपालीनं वाचलं. ती म्हणते, दाजींना कशाला खोकायला लावता, मीच येते आणि साहेबांना तोंडावर सांगते. तेव्हा तुम्ही खोकला नाहीत तरी चालेल. पण या जरूर. ती बोलायला लागली की साहेबांना चहाला लांब नेणारं कुणीतरी हवं.