गोळ्यांच्या यादीतले अंगठे

बाबा,

आज सकाळपासून तिसऱ्यांदा कॉम्प्युटरवर तेच जंगल उघडून बसले आहे. आता उपग्रहाची चित्रं घरबसल्या दिसतात. त्या वर्षावनात, नदीच्या वळणावर, हिरव्यागार झाडीत एक तपकिरी चौकोन आहे. दर वेळी तो वाढल्यासारखा वाटतो. खरंच वाढतो की माझंच मन खातं, कोण जाणे. चहा निवतो, मी उठते, घरभर फिरते, पुन्हा येऊन बसते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे सांगणं टाळतच आले.

तुम्ही कतारमध्ये रास लफानच्या गॅस प्रकल्पावर होतात तेव्हा वेल्डिंगच्या परमिटवर सही करायच्या आधी गॅस मोजायचं यंत्र घेऊन स्वतः टाकीपर्यंत चालत जायचात, भर उन्हात. बाकीचे केबिनमध्ये बसून सह्या ठोकायचे आणि तुमची टिंगल करायचे. मी अकरावीत होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मैत्रिणीच्या जर्नलमधून फिजिक्सची रीडिंग्ज उतरवत होते, आणि तुम्ही ड्यूटीवरून येऊन मागे उभे.

"हे तू मोजलंस?"

"सगळेच उतरवतात, बाबा."

"उद्या सरांना सांग आणि प्रयोग परत कर."

सांगितलं. वर्गासमोर बोलणी खाल्ली आणि आठवडाभर तुमच्याशी धड बोलले नाही. खरं सांगू? त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

पुढे मी दोह्यातल्या अल सद्द भागात एका सल्लागार कंपनीत लागले. तेल निघणार त्या लांबच्या जंगलात, आणि त्याचा अहवाल लिहिणार आम्ही, दोह्यात एसीत बसून. शाश्वत विकासाचं प्रकरण माझ्याकडे होतं. शाळा, सौर दिवे, दवाखाना, आणि शेवटी गावकऱ्यांच्या संमतीची यादी, तिच्याखाली माझी सही हवी होती. यादीत नुसते अंगठे. एका अंगठ्याशेजारी बारीक अक्षरात 'मूल, ताप' लिहिलेलं दिसलं, म्हणून साइटवरच्या नागपूरच्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, "अहो मॅडम, ते गोळ्या वाटल्या त्याचे अंगठे आहेत. मीटिंग कुठली व्हायला? कुणी विचारलंच नाही त्यांना." गावाचं पिण्याचं पाणी त्याच नदीचं, आणि तेलाची विहीर खणणार नदीच्या काठाशी. साहेबांना सांगितलं तर ते हसले. "यल्ला, चलो यार, क्लायंट बैठा है. मीटिंग नेक्स्ट फेज में, इन्शाल्ला."

त्या संध्याकाळी मी तुम्हाला सगळं सांगितलं. तुम्ही पेपर बाजूला ठेवलात. "सही करू नकोस. नोकरी गेली तर जाऊ दे, मी अजून कमावतोय." दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत मी ठाम होते. मग साहेबांनी शांतपणे विचारलं, व्हिसा कंपनीचाच आहे ना? आणि तू नाही केलीस तर शेजारच्या टेबलावरून सही होईलच. मी पेन उचललं. पानं उलटली, सही केली, फाइल पुढे सरकवली. ऑफिसात कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. मला वाटलं होतं, काहीतरी होईल.

घरी आले तर तुम्ही दारातच उभे. "काय झालं?" मी चपला काढत म्हटलं, "नाही केली. त्यांनी दुसऱ्याकडून घेतली." तुम्ही एका शब्दानं शंका घेतली नाहीत. नंतर कितीतरी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला ही गोष्ट सांगत राहिलात, अगदी हॉस्पिटलात सलाइन लावायला आलेल्या वसईच्या नर्सलासुद्धा. मी उशाशी बसून ऐकत होते. तेव्हा सांगता आलं असतं. नाही सांगितलं. आता हे लिहून कुठे धाडणार? ड्रॉवरमध्ये पडून राहील.

मी सही करून आले त्या दिवशी आई नाशिकला गेलेली होती. तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा शिरा केलात, माझ्या कौतुकाचा. खाली लागला होता, साखर जास्त झाली होती. मी तो पोटभर खाल्ला, बाबा, आणि पुन्हा मागून घेतला.