रडाले दोघी लागते

जमनी,

तुह्या मोठ्या भैनीचा, रुपीचा, तुले राम राम अन् डोक्यावरून हात. सेवालाल महाराजाच्या दयेनं अठी तांड्यात सारे खाऊन-पिऊन बरे हायेत. कापसाची दुसरी वेचणी चालू हाये, तूर शेंगांवर आली. तुह्या गुडघ्याचं कसं हाये? म्हशीचं कसं हाये? घरच्या माणसायचं मंग विचारते, कारण तू बी त्यायचं म्हशीच्या मंगच सांगतं.

पत्र पाहून तू म्हणशीन, या बुडीले काय झालं, हातात फोन असून कागद कायले काळा करून राह्यली. त ऐक. फोनवर माह्या तोंडातून उज्ज्वलाचं नाव निघालं का तुह्या तांड्यातला टावर पडते. ‘हॅलो, हॅलो, बाई, आवाज नाही येऊन राह्यला’ म्हणतं अन् ठेवून देतं. म्हशीचं बोललं का टावर उभा. म्हणून मी विचार केला, कागदाले टावर लागत नाही. बुडेपणी मी साक्षरतेच्या वर्गात बसून लिवाले शिकली ते तुले माहीत हाये. तू बी बसलती, पन ‘ग गवताचा’ आला अन् म्हशीले गवत टाकाचं राह्यलं म्हणून जे उठली, ते मंग आलीच नाही. म्हणून आता तुले सुनेकडून वाचून घ्यावं लागून राह्यलं. अन् वर्गात अक्षरं मराठीतले शिकवले, म्हणून तोंड आपल्या बंजाऱ्यायच्या गोरबोलीत चालते अन् हात मराठीत, त्याले मी काय करू.

(सूनबाई, कंसातलं सासूले वाचून दाखवू नोको. वर्गातल्या मॅडमनं सांगतलं होतं, कंस म्हणजे दाराआडचं बोलणं. हे आपल्या दोघीतलं हाये.)

त बातमी उज्ज्वलाच्या गावची हाये. हो, घेतलं नाव, आता कागद कसा बंद करतं ते पाहू. माह्या लेकाची, भावसिंगची पोरगी, माह्या अंगाखांद्यावर खेळलेली, नर्स होऊन कोकणात गेली, समुद्राच्या काठी माडवेळ म्हणून गाव हाये तठी, अन् गेल्या साली तिथल्याच पोराशी लग्न करून बसली. त्या गावात संक्रांतीच्या आधी मोठा महोत्सव भरणार हाये. तिनं मले फोनवर सारा कार्यक्रम सांगतला अन् तवापासून माह्यं डोकं जागेवर नाही. पहिल्या दिवशी म्हणे होड्या सजवते, आपण पोळ्याले बैल सजवतो तशा, फुगे, पताका, फुलायच्या माळा, अन् मंग त्यायची शर्यत लावते. काठावरच्या रेतीवर पोरीसोरी रांगोळ्या काढते अन् भरतीचं पाणी येऊन पुसून टाकते. मी म्हटलं, पुसणार हे आधीच माहीत हाये त काढता कायले? त म्हणते, आजी, तू आंगण रोज कायले झाडतं? लग्न झाल्यापासून पोरगी लय बोलाले शिकली. दुसऱ्या दिवशी भजनाची डबलबारी हाये. दोन बुवा समोरासमोर बसते अन् गाण्यातून एकमेकाले टोमणे मारते, लोक टाळ्या देते. आपल्याकडे नळावर हेच चालते, पेटी-तबला तेवढा नसते. मंग नमन हाये, दशावतार हाये. त्यात गडीमाणसंच राण्या होते अन् उज्ज्वला म्हणते, लुगडं आपल्यापेक्षा चांगलं नेसते. मासळीचे स्टॉल हायेत, शाळेच्या लेकरायचे चित्रं हायेत. अन् शेवटच्या सायंकाळी पाहुण्यायची कला. पाहुणे म्हणजे कोण? पाहुणे म्हणजे आपण.

पोरीनं तिथल्या मंडळीले शब्द देऊन टाकला, का माह्या आजीच्या तांड्यातल्या बाया येतीन अन् ढावलो गातीन. न्याले गाडी बी तेच पाठवणार. आता होळीची लेंगी सांगतली असती त काही नव्हतं, लेंगी आपली कोणतीबी बाई झोपेत गाते. पन हिनं ढावलोच सांगतला. कायले सांगतला ते बोलली नाही, पन मी तिची आजी हाये, मले कळते. पोरगी सासरी निघाली का आया-मावश्यायच्या गळ्यात पडून रडत गाते, तो ढावलो. हिचं लग्न कोर्टात झालं. सही केली, पेढा खाल्ला, आटपलं. हे कोणाच्या गळ्यात पडली नाही अन् हिच्यासाठी कोणी सुरात रडलं नाही. तू त्या लग्नासाठी काचा लावलेली, घागऱ्याएवढ्या घेराची नवी फेटिया शिवून ठेवलती, अन् बलावणंच आलं नाही, म्हणून पेटीले कुलूप घालून तवापासून रुसून बसली. तुह्यं खरं हाये, मी नाही म्हणत नाही. पन पोरगी बी बिनरडल्याचीच सासरी गेली ना वो. ते तिले आता खुपून राह्यलं.

हे मी तुले ये म्हणून नाही लिवून राह्यली. तू येणार नाही हे मी धरूनच चालली. भैन म्हणून कळवलं, बस.

(सूनबाई, अठी थांब अन् सासूचं तोंड पाहून घे. पदर चाळवून राह्यली असन त पुढं वाच. म्हशीकडे पाहून राह्यली असन त आधी चहा दे, मंग वाच.)

आता तालमीचं ऐक. घरी तालीम करावी त भावसिंग म्हणे, ‘याडी, भरल्या घरात रडू नोको, बरं नाही दिसत. वावरात जाय.’ म्हणून वेचणीच्या बायायले घेऊन मी आपल्या सडकेकाठच्या वावरात उभी राह्यली. ढावलोची अडचण तुले माहीत हाये. रडाले दोघी लागते. एकीनं गळ्यात पडून गावं अन् दुसरीनं तिचं डोकं धरून, रडत रडतच जाब द्यावा. मी जिच्या गळ्यात पडली ते गुदगुल्या झाल्यावाणी हासाले लागली. दुसरी म्हणे, ‘काकी, तुह्या तोंडाले तंबाखूचा वास येऊन राह्यला.’ तिसरीले जाबच येत नव्हता, ते नुसती ‘हो, हो, बरं’ म्हणे, जशी फोनवर बोलून राह्यली. आजकालच्या बायायले रडणं टीव्हीत पाहून माहीत हाये, सुरातलं रडणं कोणी शिकवलंच नाही. शेवटी वैतागून मी आपल्या ढवळ्या बैलाच्या गळ्यात पडली. तो निदान हासला नाही. अन् काय सांगू जमनी, बैलाच्या गळ्यात पडली अन् मले सूर सापडला. बायायनं पदर डोक्यावर घेऊन भोवती गोल केला, अन् मी असा ढावलो धरला का आपली याडी, आपली माय, डोळ्यापुढं उभी राह्यली. वेचलेला कापूस तसाच राह्यला, बाया नाक पुसून राह्यल्या, बैल बी एकदा हंबरला, पन तो पाण्यासाठी.

नेमका तवाच सडकेवरून शेजारच्या तांड्याचा आटो गेला. आटोतल्या बायायनं पाह्यलं, रुपीबाई बैलाच्या गळ्यात पडून रडून राह्यली अन् बाकीच्या पदर घेऊन उभ्या. घरी पाहाले गेल्या त तुह्ये भाऊजी रामधन घरी नाहीत, ते कोणाच्या तरी मोटरसायकलीवर बसून घाटंजीच्या बाजारात वांगे आणाले गेलते. झालं. दोन अन् दोन चार केले अन् दोन्ही तांड्यात निरोप फिरला का रामधन वारला. आपला नायक धनसिंग मोठा कामाचा माणूस, त्यानं लगेच आंगणात सतरंजी टाकली अन् लाकडायचं पाहाले पोरं पाठवले.

मी वावरातून घरी येते त आंगणभर बाया. मले पाह्यलं अन् एकेक येऊन गळ्यात पडली. आता आपली रीत तुले सांगाले नाही पायजे. आलेली बाई रडून राह्यली त घरच्या बाईनं रडलंच पायजे, अन् विचारपूस बी त्याच सुरात कराची. मधीच थांबून कोरड्या तोंडानं ‘काय झालं’ म्हणणं म्हणजे पाहुणीले दारातून हाकलणं. म्हणून मी सुरातच विचारलं, माह्ये भैनी, कोण वारलं वो. तिनं सुरात सांगतलं, तुह्या कपाळाचं कुंकू वो. मी सुरात म्हटलं, कसा वारला वो, सकाळी त त्यानं ठेच्यासंगं दोन भाकरी खाल्ल्या वो. तिनं सुरात म्हटलं, आम्हाले काय माहीत वो, तूच त वावरात रडत होती वो. हे मले नीट समजाच्या आत दुसरी गळ्यात पडली, मंग तिसरी. वाटलं, यायले काहीतरी कळलं हाये जे मले कोणी सांगतलं नाही. मोटरसायकलीवरून पडला असन बुडा. मंग मी जे रडली जमनी, ते तालमीचं नव्हतं. ज्या माणसाले जन्मभर बोलली, का तुमाले साधे वांगे पाहून घेता येत नाही, त्याच्यासाठी आंगणात बसून मी सुरात म्हटलं, किडके आण वो, पन तू ये.

अन् तो आला. थैली काखेत घेऊन आंगणाच्या कोपऱ्यात उतरला, पाह्यलं त सतरंजीवर माणसं, आत बायायचं रडणं. त्याले वाटलं, आपल्या घरात कोणीतरी वारलं अन् आपण बाजारात फिरून राह्यलो. शरमेनं मांगच्या रांगेत जाऊन खाली मान घालून बसला. शेजारच्या माणसाले हळूच म्हणे, ‘कोण वारलं?’ तो मान वर न करता म्हणे, ‘रामधन.’ ‘कोणता रामधन?’ ‘याच घरचा.’ बुड्यानं काखेतली थैली मांडीवर घेतली. मंग म्हणाला, ‘चांगला माणूस होता.’ त शेजारचा म्हणे, ‘होता, पन कोणाचं ऐकत नव्हता.’ तवा मात्र तुह्ये भाऊजी तडकले, का ते कवा झालं, कोणाचं ऐकलं नाही ते नाव सांग. भांडण ऐकून धनसिंग नायक पाहाले आला अन् म्हणे, ‘रामधन, तू लोकायमंदी काहून बसला, तुले पुढं बसाले पायजे.’ असं म्हणून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं.

मंग जे हासणं सुरू झालं, ते बी अर्ध्या बायायच्या तोंडून सुरातच निघत होतं, कारण गळा एकदा लागला का लवकर उतरत नाही. आलेल्या लोकायले उपाशी कसं पाठवाचं, म्हणून बुड्यानं आणलेले वांगेच रांधले. नायक अजून साऱ्या गावाले सांगते, का स्वतःच्या मयतीचे वांगे स्वतः आणणारा असा माणूस त्यानं पाह्यला नाही. वांगे किडके होते. मी दोनदा वाढून घेतले.

(सूनबाई, आता ते हासून राह्यली असन. फोनवर ठरलं तशी फेटिया पेटीतून काढून ठेवली ना? गुडघ्याचं तेल अन् गोळ्या बी बॅगेत टाक. आवाज होऊ देऊ नोको.)

कोण्या तरी बाईनं आमचं ते रडणं मोबाईलमंदी भरून घेतलं अन् ते उज्ज्वलापर्यंत पोचलं. तिथली मंडळी खूश, म्हणे असंच पायजे. अन् ज्या बाया रडाले आलत्या त्या साऱ्या आता गाडीत बसाले तयार, शेजारच्या तांड्यासकट. पन पोरगी फोनवर नुसतं ‘ऐकलं’ म्हणे. मी म्हटलं, काय वो, चांगलं नाही झालं का? त म्हणे, ‘आजी, यात जाब कुठी हाये?’ मी म्हटलं, कायचा जाब? म्हणे, ‘लहानपणी तू अन् जमनी आजी भेटल्या का दारात गळ्यात पडून रडत होत्या. तू गाये अन् जमनी आजी जाब दे. मी उंबऱ्यावर बसून ऐको. हे त अर्धंच हाये.’ अन् मंग तिनंच ‘आवाज येत नाही’ म्हणून फोन ठेवला. हे तिनं कोणापासून उचललं ते मी लिवत नाही.

तिचं खोटं नाही. याडीनं गाणं दोघीले वाटून देल्लं, मले सवाल देल्ला अन् तुले जाब. बैल जाब देत नाही, मी विचारून पाह्यलं. स्टेज त्या गावचं हाये, लोक त्या गावचे हायेत, पन तो ढावलो त्या पोरीसाठी हाये, अन् ते समोर उभी राहून वाट पाहीन का तिच्या गळ्यात कोण पडते अन् तिचं डोकं कोण धरते. डोकं धराचं काम मले येत नाही. ते नेहमी तुह्यं होतं.

असू दे. तुले गुडघे हायेत, म्हैस हाये, रुसवा हाये, एका बाईनं किती सांभाळावं. जिवाले जप, रात्री दही खात जाऊ नोको.

तुह्यी मोठी भैन,
रुपी

ता. क. एक सांगाचं राह्यलं. माडवेळच्या एसटी थांब्यावर कार्यक्रमाचा मोठा फलक लागला हाये. त्यायनं गाणाऱ्या बायायचा फोटो मागतला, त भावसिंगनं आपल्या दोघीचा संगं असलेला एकच फोटो होता तो पाठवून देल्ला, नात्यातल्या बबलूच्या लग्नातल्या पंगतीतला. मी बरी आली. तुह्या तोंडात अख्खा बुंदीचा लाडू हाये अन् डोळे मिटलेले. सारं गाव रोज पाहून राह्यलं. तू नाही दिसली त लोक विचारतीन, ते लाडूवाली बाई कुठी हाये.

आणखी ता. क. म्हशीचं मनात आणू नोको. भावसिंग तुह्या घरी राहाले येऊन राह्यला, त्याले म्हशीचं सारं येते. मी म्हटलं, अरे, तुह्या पोरीचा ढावलो हाये, तू चाल. त म्हणे, ‘याडी, मी तठी बसलो त स्टेजवरच्या बायायच्या आधी मीच सुरू होईन. मी म्हशीजवळच बरा.’

शेवटचं ता. क. सूनबाई, आता कंसातलं बी सारं पहिल्यापासून मोठ्यानं वाचून दाखव. जमनी, सुनेवर रागावू नोको, मीच तिले बिघडवलं. पाकिटाले टपालाचं तिकीट नाही हे तू पाह्यलं असन. तुह्या उमरखेडवरूनच गाडी पुढं जाते. मी तुह्या लिंबाखाली गाडीत बसून हाये, मांगं साऱ्या बाया हायेत, अन् तुह्ये भाऊजी ड्रायव्हरजवळ थैली घेऊन बसले हायेत, वांग्यायची. फेटिया नेसून ये. भाईर आली का आपण गळ्यात पडू अन् रडणं येईनच, रीत हाये, त्याले इलाज नाही. पन अर्धंच रडजो. बाकीचं समुद्रापर्यंत पुरवाचं हाये.